उरलेल्याला गोलात उभे करू नका

विद्यार्थी मित्रांनो, मधल्या सुट्टीत हॉकीचे किंवा फुटबॉलचे दोन संघ पाडताना गोलात कोण उभे राहते, ते एकदा नीट पाहा. वेगाने धावणारे पुढे जातात, दणकट असतात ते बचावाला राहतात, आणि शेवटी जो कोणालाच नको असतो त्याला सांगण्यात येते, "तू गोलात थांब." आमच्या अवसरी खुर्दच्या मैदानावर हे होते, तसेच ते मंचरला होते आणि पुण्यातही होते. माझे म्हणणे असे की, ही पद्धत चुकीची आहे. आणि ती का चुकीची आहे, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे दाखवता येते.

गोलरक्षकाचे काम किती अवघड असू शकते हे समजण्यासाठी आधी बर्फावरच्या हॉकीकडे जाऊ. आपल्या भागात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण कॅनडा, अमेरिका, युरोप आणि हिवाळ्यात आपल्या लडाखमध्येही गोठलेल्या बर्फावर हा खेळ खेळतात. त्यात चेंडूऐवजी रबराची टणक चकती असते. तिला 'पक' म्हणतात. तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम, म्हणजे आपल्या हॉकीच्या चेंडूपेक्षा (१५६ ते १६३ ग्रॅम) किंचितच जास्त. वेग मात्र पुष्कळ अधिक. चांगल्या खेळाडूचा फटका ताशी १६० कि.मी. वेगाने येऊ शकतो.

आता गणित करू. ताशी १६० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ मीटर. फटका १२ मीटरवरून मारला, तर पक गोलापाशी पोहोचायला ०.२७ सेकंद लागतात. तिची गतिज ऊर्जा सुमारे १६७ जूल भरते. एक किलोचे वजन १७ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून सोडले, तर जमिनीवर येताना त्याच्यात एवढीच ऊर्जा असते. आणि तरीही एके काळी हे गोलरक्षक तोंडावर काहीही न बांधता उभे राहत! मॉन्ट्रिअल संघाचा झाक प्लांट हा १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील सामन्यात पक लागून जखमी झाला. टाके घालून परतताना त्याने मुखवटा घातला आणि पुढेही तो सोडला नाही. त्याच्या प्रशिक्षकाला हे पसंत नव्हते. आज मुखवट्याशिवाय कोणी गोलात उभा राहिला, तर त्याला शूर न म्हणता अविचारी म्हणतील.

आता तुमच्या स्वतःच्या चपळाईचे मोजमाप करा. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. पट्टी किती सेंटिमीटर खाली आली ते वाचा. १५ सें.मी. आली तर तुमचा प्रतिसादकाल ०.१७५ सेकंद, २० सें.मी. आली तर ०.२०, आणि २५ सें.मी. आली तर ०.२३ सेकंद. (अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग, हे सूत्र वापरून ताळा करून पाहा.) दहादा करून सरासरी काढा. वर्गातल्या बहुतेकांची सरासरी एकमेकांच्या बरीच जवळ येईल. शाळेतल्या सर्वांत वेगवान धावपटूचीही याहून फार वेगळी येणार नाही.

आता हॉकीचा पेनल्टी स्ट्रोक घ्या. चेंडू गोलापासून ६.४० मीटरवर असतो. समजा, तो ताशी ८० कि.मी. वेगाने आला. त्याला गोलात शिरायला ०.२९ सेकंद लागतात. त्यातले ०.२० सेकंद तर नुसते 'चेंडू निघाला' हे डोळ्यांनी पाहून स्नायूंना हुकूम मिळण्यात गेले. उरले ०.०९ सेकंद. तेवढ्यात ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोलाचा कोपरा गाठायचा, हे केवळ चपळाईच्या बळावर कोणालाही साधणार नाही.

आणि तरीही ते साधते! १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील अंतिम सामना आठवा. भारत आणि दक्षिण कोरिया १-१ असे बरोबरीत होते. निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. मुंबईत जन्मलेले गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी दोन स्ट्रोक अडवले आणि भारताला ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले त्या संघाचे कर्णधार होते.

मग ते ०.०९ सेकंदांचे कोडे सुटते कसे? चेंडू निघण्याआधीच गोलरक्षकाचे काम सुरू झालेले असते, हे त्याचे उत्तर. मारणाऱ्याचा खांदा कोणीकडे वळला, पुढचा पाय कोठे पडला, स्टिकचे पाते उघडे आहे की मिटलेले, यांवरून तो अंदाज बांधतो. हजारो फटके पाहून अंदाज पक्का होतो. म्हणजे हा गुण जन्माने येत नाही, तो निरीक्षणाने येतो.

त्याचे दुसरे शस्त्र भूमिती. समजा, मारणारा गोलापासून १२ मीटरवर बरोबर समोर आहे. गोलरक्षक रेषेवरच थांबला तर त्याला ३.६६ मीटर रुंदी सांभाळावी लागते. तो ४ मीटर पुढे आला, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ती रुंदी २.४४ मीटर उरते. पण फुकट काहीच मिळत नाही. ताशी १०० कि.मी. वेगाचा चेंडू आधी त्याच्यापर्यंत ०.४३ सेकंदात येत होता, तो आता ०.२९ सेकंदातच येतो. किती पुढे यावे आणि किती मागे राहावे, हा हिशेब त्याला दर वेळी नव्याने करावा लागतो. ज्याला हे सुचते, त्याला 'उरलेला' म्हणायचे का?

गोलरक्षकाची योग्यता ओळखली की काय होते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. महूचे शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकांत भारताचे गोलरक्षक होते. १९५६ च्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, आणि १९६४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी पाकिस्तानला गोल करू दिला नाही. १९६६ साली बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे कर्णधारपद याच गोलरक्षकाकडे होते. १९६८ च्या ऑलिंपिक संघात मात्र त्यांना घेतले नाही आणि त्यांनी खेळ सोडला. मराठा लाइट इन्फंट्रीतली नोकरी होती म्हणून संसार चालला. १९७९ साली ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००६ मध्ये गँगरीनने त्यांचे निधन झाले.

ज्यांना गोलरक्षक म्हणून कारकीर्द करावीशी वाटते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे. संघात जागा एकच. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकात साधारणपणे दोन गोलरक्षक. म्हणजे सारी मिळून ६४ जागा. तेव्हा खेळाबरोबर शिक्षण सोडू नये, हे मी शिक्षक आहे म्हणून सांगत नाही. गणितच तसे आहे.

त्या लीगमधला चांगला गोलरक्षकसुद्धा शंभर फटक्यांपैकी सुमारे नव्वदच अडवतो. उरलेले दहा गोल सारे जग पाहते. आपल्या शाळेच्या सामन्यात तर ते दहाच लिहिले जातात, नव्वदांची नोंद कोठेच होत नाही. प्रयोगवहीत आपण फक्त फसलेली निरीक्षणे लिहून निष्कर्ष काढला, तर परीक्षक काय म्हणतील?

म्हणून शिक्षकांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, पॅड, हातमोजे आणि शिरस्त्राण नसेल तर कोणालाही टणक चेंडूसमोर गोलात उभे करू नये. टेनिसचा चेंडू घ्यावा. दोन, गोलरक्षक उरलेल्यांतून न नेमता, पारखून निवडावा आणि त्याला वेगळा सराव द्यावा. तीन, गुणपत्रकात 'गोलावर आलेले फटके' आणि 'अडवलेले फटके' असे दोन रकाने वाढवावेत. त्याला खर्च काहीच नाही. एका सामन्यावरून मात्र मत बनवू नये. दहा फटक्यांत एकाचा फरक योगायोगानेही पडतो. पूर्ण हंगामाची बेरीज करावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी संघ पाडताना गोलातली जागा शेवटी न भरता सर्वांत आधी भरा.