फुकट कीं मोकळें?

मोर्णेच्या पश्चिम तीरावरील आमच्या जुन्या शहरांत एक लहानसें वाचनालय आहे. तेथें मुलांच्या उपयोगासाठीं निरनिराळ्या सद्गृहस्थांनीं दिलेले आठ संगणक आहेत. जुने, परंतु धडधाकट. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि तिची पुढील आवृत्ति ज्या प्रकारचीं यंत्रें मागते त्या प्रकारचीं हीं नाहींत. तेव्हां हे संगणक भंगारांत काढावे, कीं त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून ते आणखी कांहीं वर्षें चालवावे, असा प्रश्न गेल्या सभेपुढें आला. चर्चा नीट सुरूहि झाली नव्हती, तोंच मंडळांतील एक वयोवृद्ध अभियंते म्हणाले, "लिनक्सची कथा मला सांगूं नका. वीस वर्षांपूर्वीं मीं तें घालून पाहिलें आहे. साधा मोडेम त्याला चालवितां आला नाहीं! फुकटचें तें फुकटचेंच." सभा हंसली, आणि विषय पुढील सभेवर टाकण्यांत आला.

त्या हंसणाऱ्यांत मीहि होतों, याची मला घरीं आल्यावर लाज वाटली. कारण मोडेमाचा तो कज्जा मीं स्वतः लढलेला आहे, आणि त्याचा निकाल अभियंतेसाहेब सांगतात तसा लागलेला नाहीं. त्यांच्याविषयीं मला पूर्ण आदर आहे. त्यांचा अनुभवहि खरा आहे. परंतु अनुभव खरा असूनहि त्यावरून काढलेलें अनुमान खोटें असूं शकतें. आणि अशा अनुमानापायीं आठ चालतीं यंत्रें भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढणार असतील, तर गप्प बसणें हा सभ्यपणा नव्हे.

ज्या तरुण वाचकांनीं मोडेम पाहिलाच नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. आपल्या देशांत इंटरनेटची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. १९९८ सालीं खासगी कंपन्यांस हा व्यवसाय खुला झाला. आणि पुढील कांहीं वर्षांत ती सेवा आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गांवीं घरोघर येऊं लागली. ती येई टेलिफोनच्या तारेवरून. तार घातलेली माणसाच्या आवाजासाठीं. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोन अंकांची. या अंकांचे सूर करून तारेवर सोडावयाचे, आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हां अंक करावयाचे, हें दुभाष्याचें काम करणारें यंत्र म्हणजे मोडेम. १९९८ सालीं ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें त्याचा कमाल वेग सेकंदास ५६ हजार अंकांचा. प्रत्यक्षांत तो त्याहून कमीच मिळे, आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून राही.

आतां या दुभाष्यांत दोन जाती होत्या, आणि साऱ्या वादाचें मूळ येथें आहे. पहिल्या जातीचा मोडेम हें संपूर्ण यंत्र असे. सूर करण्याची व ओळखण्याची बुद्धि त्याच्या स्वतःच्या पेटींत असे. त्याच्याशीं बोलण्याचे हुकूमहि सर्वांस ठाऊक होते. अमेरिकेंतील हेज कंपनीनें १९८१ सालीं ते आपल्या मोडेमांत घातले आणि इतरांनीं उचलले. संगणकानें 'एटी' हीं अक्षरें पाठवावीं, मोडेमानें 'ओके' म्हणावें, इतका तो व्यवहार सरळ. दुसऱ्या जातीचा मोडेम म्हणजे संगणकाच्या पोटांत बसविण्याची एक स्वस्त पट्टी. खर्च वांचविण्यासाठीं कारखानदारांनीं तींतील बुद्धि काढून घेतली, आणि तें काम संगणकाच्याच डोक्यावर टाकलें. तें काम कसें करावयाचें हें सांगणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती त्यांनीं बहुधा विंडोजपुरतीच लिहिली, आणि तिचा मूळ मजकूर कुलपांत ठेविला. या मोडेमास लोक 'विनमोडेम' म्हणत. काटकसर हा गुन्हा नव्हे. दोष होता तो कुलपाचा.

मीं संगणक घेतला २००३ सालीं, पगारांतून शिल्लक टाकून, थोरल्या मुलीच्या शिक्षणासाठीं. दुकानदारानें त्यांत विंडोज 'टाकून' दिलें होतें. त्याची पावती मात्र नव्हती. तें चोरीचें आहे हें मला कांहीं दिवसांनीं उमगलें, आणि परीक्षेंत कॉपी करणाऱ्या मुलांस शिक्षा करणारा मी मास्तर मोठ्या पेंचांत पडलों. विकत घ्यावें तर पैसे नाहींत, ठेवावें तर मन खातें. त्या काळीं 'पीसीक्वेस्ट' हें इंग्रजी मासिक वाचकांस लिनक्सच्या तबकड्या देत असे. १९९६ सालापासूनचा त्याचा हा उपक्रम होता. एका माजी विद्यार्थ्यानें ती तबकडी आणून दिली. प्रणाली चढली, पडद्यावर सारें दिसूं लागलें. मोडेम तेवढा मुका. पट्टी आहे हें यंत्रास कळे, पण तिच्याशीं बोलतां येईना. तीन आठवडे रात्रीं जागून मीं आपल्याच बुद्धीस दोष दिला. शेवटीं दुकानदाराकडे गेलों, तेव्हां तो मोठ्या आपुलकीनें म्हणाला, "सर, काहून डोकं खराब करून घेता? फुकटचं असंच असते. आणा इकडे, पन्नास रुपयांत विंडोज टाकून देतो."

या वाक्याचा विचार करावा. ज्या प्रणालीस तो फुकटची म्हणून हिणवीत होता, ती रीतसर माझी होती. आणि जी तो उपकार म्हणून देत होता, ती चोरीची होती. मोडेमाच्या कुलपानें प्रामाणिक वाट बंद केली होती, आणि अप्रामाणिक वाट पन्नास रुपयांत उघडी होती. शेजाऱ्याच्या झाडाचें लिंबू न विचारतां तोडणार नाहींत अशा आम्हां सुशिक्षितांच्या कितीतरी घरांनीं ही चोरी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर मांडली, आणि पुढें तीस चोरी म्हणण्याचेंहि सोडून दिलें.

माझी सुटका झाली ती अमरावतीच्या एका नातेवाइकांमुळें. त्यांच्या कचेरींतून निकालांत निघालेला, पहिल्या जातीचा, पेटीचा मोडेम मीं विकत आणला आणि संगणकाच्या मागच्या बाजूस जोडला. 'एटी' लिहिलें, 'ओके' आलें. तीन आठवड्यांत त्या घरांत एवढें गोड उत्तर मला मिळालें नव्हतें. पुढें एक अडचण उरली. मोडेम म्हणे, तारेवर सूरच नाहीं. कारण साधें होतें: अमेरिकेंतील टेलिफोनचा सूर ३५० व ४४० आवर्तनांच्या मिश्रणाचा, तर आपल्याकडील ४०० आवर्तनांचा व २५ आवर्तनांनीं डोलणारा. परका सूर मोडेमास ओळखूं येईना. पण हुकूम उघडे असल्यामुळें उपायहि उघडा होता. 'एटीएक्स३' असा हुकूम दिला, म्हणजे सुराची वाट न पाहतां नंबर फिरव, असें सांगितलें. मग 'डब्ल्यूव्हीडायल' नांवाच्या लहानशा आज्ञावलीस टेलिफोनचा नंबर, नांव व परवलीचा शब्द दिला; पलीकडून शीळ आली, आणि जोडणी झाली. संगणक तोच, प्रणाली तीच, तार तीच, आणि मास्तरहि तोच. बदलला होता केवळ मोडेम. दोष लिनक्सचा नव्हता, याला याहून स्वच्छ पुरावा कोणता पाहिजे?

कोणी म्हणेल, मग त्या मुक्या पट्ट्यांसाठींहि लिनक्सवाल्यांनीं ड्रायव्हर कां लिहिले नाहींत? त्यांनीं प्रयत्न केले, आणि कांहीं पट्ट्या बोलत्याहि केल्या. परंतु कारखानदार ज्या गोष्टीचा कागदच दाखवीत नाहीं, ती चांचपडून शोधावी लागते. कोनेक्झंट जातीच्या मोडेमांसाठीं 'लिनक्सअँट' ही कंपनी ड्रायव्हर पुरवी. २००४ च्या सुमारास त्याची विनामूल्य प्रत सेकंदास १४ हजार ४०० अंकांवर अडविलेली असे, आणि पुरा वेग हवा असल्यास पैसे मोजावे लागत. कंपनीनें आपल्या श्रमाचें मोल घ्यावें, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु ग्राहकाच्या बाजूनें पाहिलें तर स्वतःच्या पैशानें घेतलेल्या वस्तूची पुरी चाल मिळण्यास त्यास दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागत होते. कुलूप एकदां मान्य केलें म्हणजे किल्लीचाहि बाजार भरतो.

इंग्रजी भाषेंत 'फ्री' या एकाच शब्दानें फुकटहि कळतें आणि मोकळेंहि कळतें. त्यामुळें या चळवळीच्या पुढाऱ्यांस तो भेद आयुष्यभर समजावून सांगत बसावें लागलें. आपल्या मराठीस ती सबब नाहीं. आपल्याकडे फुकट निराळें आणि मोकळें निराळें. तो विनमोडेम विकतचा होता, पण मोकळा नव्हता. लिनक्सची तबकडी जवळजवळ फुकट होती, पण तिचें मोल त्यांत नव्हतें. तिच्यांत काय लिहिलें आहे तें वाचण्याची, दुरुस्त करण्याची आणि शेजाऱ्यास प्रत देण्याची मोकळीक होती, हें तिचें मोल. इतका स्वच्छ भेद भाषेनें हातांत दिला असतां आम्ही 'फुकटचें तें फुकटचेंच' म्हणून हंसतों, हा भाषेचा नव्हे, आमचा दोष.

यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, सामान्य गृहस्थ तो मूळ मजकूर वाचणार आहे काय? नाहीं वाचणार. मींहि वाचलेला नाहीं. परंतु आपल्यापैकीं कितीजण शेताचा सातबारा नीट वाचतात? तरीहि तो फक्त घेणाऱ्याच्या कारकुनासच वाचतां येईल अशा गुप्त लिपींत लिहावा, असें कोणी सुचविलें तर साऱ्या वऱ्हाडांत गहजब होईल. आपणांस वाचतां आला नाहीं तरी वाचणारा आपल्या पसंतीचा आणतां येतो, यांतच आपली सुरक्षितता असते.

लिनक्स सर्वगुणसंपन्न आहे असें मी म्हणत नाहीं. कांहीं कचेऱ्यांच्या आज्ञावल्या केवळ विंडोजवर चालतात. एखादा छापण्याचा यंत्रहि अडून बसतो. ज्याचें काम तसें आहे त्यानें रीतसर पैसे देऊन विंडोज घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु वाचनालयांतील मुलांस मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि इंटरनेट एवढेंच लागतें, आणि तें सारें लिनक्सवर होतें. आजच्या बहुतेक यंत्रांचे ड्रायव्हर त्या प्रणालीच्या गाभ्यांतच असतात. केरळांतील सरकारी शाळांनीं मुक्त प्रणाली केव्हांच स्वीकारली. केंद्र सरकारनें २०१५ सालीं आपल्या खात्यांसाठीं मुक्त आज्ञावलींचें धोरण जाहीर केलें. २०२२ सालीं ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समितीहि नेमली. मोडेम अडगळींत गेला, पण कुलपें गेलीं नाहींत. तीं आतां खिशांतल्या फोनांत बसलीं आहेत.

म्हणून पुढील सभेस माझी सूचना अशी. आठांपैकीं एका संगणकावर, त्यांतील कांहींहि न पुसतां, लिनक्स बाहेरच्या कांडीवरून चालवून पाहावें. आठवडाभर मुलांस तो वापरूं द्यावा. जें चालणार नाहीं त्याची यादी करावी, आणि प्रत्येक कलमापुढें तें कां चालत नाहीं व त्याची किल्ली कोणाजवळ आहे, हें लिहावें. मग मत घ्यावें. अभियंतेसाहेबांनीं ती यादी स्वतः करावी अशी माझी विनंति आहे; त्यांच्याइतका बारकाईचा परीक्षक आम्हांस मिळणार नाहीं. माझा पेटीचा मोडेम माळ्यावर आहे. तोहि मी सभेस घेऊन येईन.