रातवा: शीर्षक आणि पक्षी

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे ‘रातवा’ हे पुस्तक मराठीच्या वर्गांत नावाने तरी परिचित असते. रातवा हा पक्षी मात्र क्वचितच कोणी पाहिलेला असतो. आम्हीही कित्येक वर्षे केवळ शीर्षकच शिकवीत आलो.

वसमत तालुक्यातील हट्ट्याच्या शिवारात एका गुराख्याने बोट दाखविले, तेव्हा चार पावलांवर असूनही आम्हांस तो दिसेना. वाळल्या पाचोळ्याचा रंग, मिटल्यासारखे डोळे, अंग जमिनीस चिकटलेले. ‘‘सर, काल हे ढेकूळ इथं नव्हतं,’’ गुराखी म्हणाला. आणि तो दिसला.

आमच्या मते वाचनाचे मर्मही हेच आहे. येथे तीक्ष्ण नजरेपेक्षा नित्याचा परिचय अधिक कामी येतो. भाषेचे रोजचे रूप ज्यास ठाऊक, त्यालाच लेखकाने हलविलेला एखादा शब्द जाणवतो. आम्ही विद्यार्थ्यांस आधी समीक्षेच्या संज्ञा देतो. शिवार दाखवीतच नाही.

रातवा घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. म्हणून आम्ही छायाचित्रासाठी पुढे सरलो नाही. तो उडाला असता तर अंडी उघडी पडली असती. पण पडीक रान नांगराखाली गेले तर? जो कोणाला दिसलाच नव्हता, तो नाहीसा झाल्याचेही कोणाच्या ध्यानी येणार नाही. उरेल ते शीर्षक, आणि त्याखाली आमची तळटीप.