वाडी घरी असते तेव्हा

थंडी पडली की शहापूर-मुरबाड भागात कार्यक्रमांची गर्दी होते. कुठे चित्रांची कार्यशाळा, कुठे बालमेळावा, कुठे आरोग्य शिबिर, तर कुठे एखाद्या फार्महाऊसवर ध्यानाचं आणि योगाचं शिबिर. आयोजक बहुतेक कल्याण, ठाणे, मुंबईकडचे. रजा टाकून येतात, पदरमोड करतात, मन लावून राबतात. त्यांच्या कळकळीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आणि म्हणूनच एक गोष्ट त्यांना सांगायला हवी. ज्या कातकरी वाड्यांसाठी यातले कितीतरी कार्यक्रम ठरतात, त्या वाड्या त्या दिवसांत घरी नसतात.

दिवाळी सरली की वीटभट्टीचे ट्रक वाडीच्या तोंडाशी लागतात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको, पोरं सगळीच निघतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यासुद्धा सोबत. मग भिवंडी, कल्याणच्या आसपासच्या भट्ट्यांवर पालं पडतात आणि वाडी परतते ती थेट पावसाच्या तोंडावर. मागे राहतात ती चालता न येणारी म्हातारी माणसं. जानेवारीत पोरांना रंग आणि कागद वाटायला गेलेल्या माणसाला तिथे पोरंच कमी भेटतात. मग पटावरची संख्या भरून काढायला जवळच्या आश्रमशाळेतली मुलं आणून बसवली जातात. फोटो चांगले येतात.

हिवाळा गैरसोयीचा आहे असं सरसकट म्हणता येणार नाही. ज्याच्या खळ्यावर भात आलं, त्याला तो सोयीचाच. कुणबी, आगरी घरांमध्ये झोडणी आटोपली की हात मोकळे होतात, आणि या दोन तालुक्यांतले मोठे मेळेही तेव्हाच भरतात. म्हसा गावची खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, तमाशाचे फड, सगळं एका माळावर. गावोगावचे हरिनाम सप्ताहही असेच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून रात्रीअपरात्री पहारे लागतात. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. सप्ताहात नुसता बघ्या असा कुणी नसतो. कुणी पखवाजावर, कुणी टाळ घेऊन, कुणी चुलीपाशी, कुणी पाणी वाढायला. अभंग पाठ नसलेलं पोर आठवडाभर टाळकऱ्यांत उभं राहिलं की चाल त्याच्या गळ्यात बसते. कला, शिक्षण आणि मनाचं आरोग्य असे तीन वेगळे विभाग तिथे कुणी पाडलेले नसतात.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची आजीबाईंची शाळा तर याच मातीतून उगवली. गावात पोथीवाचन चाललं होतं. ते ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या मनात आलं की ही पोथी आपली आपल्याला वाचता आली असती तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं मनावर घेतलं. मोतीराम गणपत दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली आणि 8 मार्च 2016 रोजी, महिला दिनी, शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, खांद्याला दप्तर लावून, पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. जगभरचे कॅमेरे त्या गुलाबी रंगावर भाळले, ते साहजिक आहे.

मला त्या शाळेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती तिची वेळ. दुपारी दोन ते चार. सकाळचा स्वयंपाक, गुरांचं, नातवंडांचं आवरलेलं असतं आणि संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो. म्हाताऱ्या बाईच्या अख्ख्या दिवसात तिचे स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच दोन तास, आणि शाळा नेमकी त्यात बसवली. दुसरं म्हणजे मागणी त्यांची होती. साक्षरतेचं उद्दिष्ट वरून आलं नव्हतं. पोथी वाचायची होती, म्हणून अक्षर हवं होतं. सही करताना अंगठ्याला शाई लागू नये, हेही हवं होतं. शहरातून येणाऱ्या कार्यक्रमांची आखणी होते तेव्हा या दोन प्रश्नांची उत्तरं कुणी शोधतं का? हे कुणी मागितलंय, आणि त्या माणसाला सवड कधी असते?

योगाचंच बघा. 21 जूनला सगळीकडे चटया अंथरल्या जातात. आपल्या भागात तेव्हा मृगाचा पाऊस नुकता झालेला असतो आणि राबात भाताची पेरणी चाललेली असते. जुलैत आवणी, म्हणजे दिवसभर चिखलात कमरेत वाकून. त्या बाईच्या पाठीला व्यायामाची नाही, विसाव्याची आणि शेक देण्याची गरज आहे. आवणी संपल्यावर, श्रावणात, कंबर-पाठीच्या दुखण्यावर कुणी चार साध्या गोष्टी शिकवल्या तर ती नक्की येऊन बसेल. आणि एप्रिल-मे महिन्यात शहापुरात आरोग्यावर बोलायचं असेल तर आधी पाण्यावर बोलावं लागेल. 1892 पासून मुंबईला पाणी देणारं तानसा याच तालुक्यात आहे, भातसाही इथलंच. तरी उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला दीर्घ श्वासाचं महत्त्व सांगायला जाऊ नये, एवढं तरी आपण पाळू शकतो.

मग वाडी घरी असते कधी? पावसाळ्यात. आणि पावसाळ्यातच तिच्याकडे देण्यासारखं सर्वांत जास्त असतं. गौरी-गणपतीत ठाकर, कातकरी वाड्यांवर नाच रंगतात, रात्र रात्र फेर चालतो. त्याआधी रानभाज्यांचे दिवस येतात. श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटनांनी मुरबाड भागात रानभाज्यांचे महोत्सव भरवले, आणि पुढे कृषी खात्यानेही आदिवासी दिनाच्या, म्हणजे 9 ऑगस्टच्या सुमाराला राज्यभर असे महोत्सव सुरू केले. मला या सगळ्या कार्यक्रमांत हाच सर्वांत खरा वाटतो. कारण इथे माहिती असणारी बाई टेबलाच्या आतल्या बाजूला असते आणि शिकणारे बाहेर रांगेत.

शेवळांचंच उदाहरण घ्या. पहिल्या सरी पडल्या की मुरबाडच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात, तांबूस-जांभळ्या, निमुळत्या. मी विकत घेताना भाजीवाल्या बाईने जुडीतलं एक शेवळ उचललं, वरचं आवरण सोललं आणि आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग नखाने खरवडून दाखवला. हा ठेवशील तर घसा खाजंल, म्हणाली. मग शेजारच्या टोपलीतली हिरवी काकडं ओंजळभर माझ्या पिशवीत टाकली. काकडाचा आंबटपणा शेवळाची खाज मारतो, म्हणून दोन्ही एकत्रच विकायची. कोणती भाजी पहिल्या पावसाची आणि कोणती श्रावणाची, टाकळ्याचा कोवळा पाला कधीपर्यंत घ्यायचा, कुरडूचं पान कुठवर चालतं, करटुल्याचा वेल उपटायचा नाही, फळंच तोडायची. हे सगळं तिने आईच्या मागे रानात हिंडून मिळवलेलं. आहारशास्त्राच्या व्याख्यात्याला बोलवा जरूर, पण या बाईच्या शेजारी बसवा आणि आधी तिला बोलू द्या.

या सगळ्यात पैशाची गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गाडीभाडं, मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचं मानधन, शाल-श्रीफळ यांसाठी पैसे निघतात. भाज्या रांधून आणणाऱ्या बायकांना, रात्रभर नाचणाऱ्या मंडळाला मात्र प्रमाणपत्र आणि चहा-बिस्कीट. एक दिवस कार्यक्रमाला आलं की एक दिवसाची मजुरी बुडते, हे आयोजकांच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या घरात भट्टीवर जाण्याआधीच उचल घ्यावी लागते, त्यांच्यासाठी एका दिवसाची मजुरी ही मोठी रक्कम असते.

तेव्हा या वर्षी ज्यांना शहापूर-मुरबाडमध्ये काही करायचं आहे, त्यांनी तारीख ठरवण्याआधी वाडीवर एक चक्कर मारावी आणि तिथल्या बायकांना विचारावं. बहुधा त्या आवणीनंतरचे आणि कापणीआधीचे दिवस सांगतील. पाऊस असेल, रस्ता निसरडा असेल, मंडपापेक्षा शाळेची पडवी बरी पडेल. आणि खर्चाचा तक्ता मांडताना भाज्या समजावून सांगणाऱ्या बाईचं नाव व्याख्यात्यांच्या यादीत लिहावं, आणि तिच्या नावापुढची रक्कम शहरातून येणाऱ्या पाहुण्याएवढीच असावी.