पुतण्या म्हणतो, चुन्यात पीएचडी करतो

परवा रात्री जेवताना पुतण्यानं विषय काढला. सिव्हिलचं शेवटचं वर्ष चालू आहे त्याचं. "काका, मला जुन्या बांधकामात पुढं शिकायचंय. चुना, दगड, लाकूड. जमलं तर पीएचडी, मग प्राध्यापकी." दादाचा घास हातातच राहिला. म्हणाला, "चुना आता तंबाखूत वापरतात रे. बांधकामात कोण वापरतं?" सगळे हसले. मीही हसलो. पण झोप काही लागली नाही.

कारण सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावच्या देवळाच्या 'जीर्णोद्धारा'ची बातमी मीच दिली होती. गावाचं नाव घेत नाही. मथळाही माझाच, 'मंदिराला नवी झळाळी'. शिखराचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला, सिमेंट थापलं, वर ऑइल पेंट. भूमिपूजनाचा फोटो चार कॉलमी छापून आला. पुढच्या काही पावसाळ्यांत रंगाला फुगे आले आणि आतल्या विटा भुसभुशीत झाल्या. ती बातमी काही मी केली नाही.

असं का होतं? चुन्याच्या भिंतीत ओल शिरली तरी ती बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइल पेंट ती कोंडून ठेवतात. मग ओलीबरोबरचे क्षार आतच साचतात आणि वीट, दगड पोखरतात. साधी गोष्ट आहे. पण ती इंजिनिअरला माहीत नव्हती, ठेकेदाराला नव्हती आणि पत्रकारालाही नव्हती.

एक हिशोब बघा. पेशवाई बुडाली १८१८ ला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात निघालं १८२४ ला. म्हणजे आपल्या भागातला शिवकाळातला, पेशवाईतला एकही वाडा, एकही देऊळ सिमेंटवर उभं नाही. चुना विरवायचा, घाणीत दिवसच्या दिवस मळायचा, गूळ, हिरडा, बेलफळ घालायचं. हे शास्त्र होतं, आणि ते गवंड्याच्या हातात होतं. तो हात गेला की वहीत उतरवलेलं काहीच मागं राहत नाही.

उतरवणारे झालेच नाहीत असंही नाही. डेक्कन कॉलेजचे म. श्री. माटे यांचं मराठा वास्तुकलेवरचं पुस्तक पुणे विद्यापीठानं १९५९ मध्ये काढलं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत, हे २०१६ मध्ये शोधनिबंधात मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सरदेसाई. बघा, गिलाव्याचं कोडं सोडवायला झाडांचा माणूस लागला!

आणि हे काम फक्त देवळांपुरतं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. तेव्हापासून 'दगडी घर म्हणजे मरण' असंच लोकांच्या डोक्यात बसलं. खरं कारण वेगळं होतं. भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. रुरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी अशाच साध्या घरांना भूकंपात कसं वाचवायचं यावर आयुष्य घातलं. आज आयआयटी मद्रासमध्ये वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०१३ च्या पुरानंतर केदारनाथ मंदिर तपासायला आयआयटी मद्रासचेच लोक गेले. म्हणजे सिव्हिलवाल्या पोराला वाट आहे. फक्त शिरूरातून ती दिसत नाही.

दादाची काळजी खोटी नाही. प्राध्यापक भरतीचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसतंय. पीएचडी होऊन तासिका तत्त्वावर राबणारी पोरं माझ्या ओळखीत आहेत. त्याला 'जा, कर' म्हणणं मला सोपं आहे, फी दादा भरणार.

पण दुसरी बाजूही बघा. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा झाले. त्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आपल्याच जिल्ह्यात. वढू-तुळापूरला छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकाचा कोट्यवधींचा आराखडा आहे. पैसा येतोय. मग चुन्याचं काम जाणणारी माणसं कुठून आणणार? माझं म्हणणं एवढंच, की वारशाच्या प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेतच अट घाला. जिल्ह्यातले चार गवंडी आणि चार विद्यार्थी त्या कामावर पगारी शिकाऊ म्हणून घ्यायचे आणि मिश्रणाची, डागडुजीची नोंद जवळच्या कॉलेजात ठेवायची. गेटवरच्या एका कमानीच्या खर्चात हे बसेल. आमदार-खासदारांना टॅग करतोय, वाचतील न वाचतील.

पुतण्याला सध्या एक काम दिलंय. पंचक्रोशीत चुन्याच्या घाणीची जुनी दगडी चाकं कुठं कुठं पडलीत याची यादी करायची. तुमच्या गावात असेल, पारावर, ओढ्यात, कुणाच्या गोठ्यापुढं पायरी म्हणून, तर फोटो आणि गावाचं नाव कमेंटमध्ये टाका. आणि ज्यांच्या आजोबांनी ती घाणी हाकलीय, त्यांनी फक्त 'हो' लिहा. रविवारी आम्ही दोघं घरी येतो.