शोभेल ते, पण सोसेल ते

नव्या वस्त्राविषयी आरशाचे ऐकावे की शेजारणीचे, हा प्रश्न सणवाराच्या दिवशी प्रत्येक स्त्रीपुढे उभा राहतो. आमच्या मते दोघांच्याही आधी आपल्या अंगाला विचारावे. जे वस्त्र काचते आणि जी केशरचना डोके ओढून धरते, ती कितीही चालू तऱ्हेची असली तरी शोभत नाही. कारण अवघडलेपण चेहऱ्यावर उमटल्यावाचून राहत नाही.

प्रथम पोलक्याचे पाहू. ते बिघडते बहुधा खांद्यात आणि मुंढ्यात. मुंढा फार खोल असला, तर हात वर करताच सारे पोलके वर चढते. खांदा मोठा असला, तर गळा घसरतो. म्हणून माप देताना आत नेहमीचेच कपडे असावेत व श्वास रोखून धरू नये. शिवून आल्यावर हात वर करून आणि पुढे वाकून पाहावे. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे मागाहून आटण्याची भीती उरत नाही. शिवणीच्या आत बोटभर कापड अधिक ठेवण्यास सांगावे. शरीर वर्षानुवर्षे एकसारखे राहत नाही.

केशरचनेचेही तसेच. लांबट चेहऱ्यास माथ्यावरचा उंच अंबाडा अधिकच लांब दाखवितो. अशांनी केस कानांवरून किंचित सैल घेऊन अंबाडा मानेवर घालावा. वाटोळ्या चेहऱ्यास मधला भांग व माथ्यावर थोडी उंची खुलते. मान आखूड असल्यास खोपा जरा वर बांधावा. परंतु विस्कटू नयेत म्हणून मुलींचे केस ताणून वेण्या घालण्याची चाल मात्र सोडून द्यावी. रोजच्या ताणाने कपाळाजवळचे व कानशिलांवरचे केस विरळ होतात. ही ओढ वर्षानुवर्षे चालली, तर गेलेले केस परत येत नाहीत. मुलगी डोके दुखते म्हणाली, तर तो हट्ट न समजता वेणी सैल करावी.

याहून गंभीर गोष्ट कमरेची आहे. 2024 साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीला परकराची नाडी घट्ट बांधण्याची सवय होती. दुसरी परकरावाचून लुगडे कसून नेसत असे. वर्षानुवर्षे काचलेल्या जागी दोघींनाही जखम झाली, ती भरून आली नाही, आणि अखेर तिचे पर्यवसान त्वचेच्या कर्करोगात झाले. धोतराच्या काचण्यानेही असे होते, हे डॉ. खानोलकरांनी 1945 सालीच नोंदविले होते. असे क्वचितच घडते, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दुर्लक्षही करू नये. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठीची जागा अधूनमधून बदलावी, आणि घरात वावरताना बंध सैल ठेवावा. कातडी काळवंडली, खरखरीत झाली किंवा न भरणारी जखम दिसली, तर लाजेखातर लपवू नये; डॉक्टरांस दाखवावी.

येथे वडीलधाऱ्या मंडळींस दोन शब्द सांगावेसे वाटतात. आमच्याकडे असेच नेसतात, एवढ्याच कारणाने सुनेने काच सोसावा, असा आग्रह धरू नये. 1883 साली वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी तिकडील थंडीत पाय झाकले जावेत म्हणून नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. देशी पेहराव त्यांनी टाकला नाही. केवळ नेसण्याची तऱ्हा हवेला व कामाला अनुरूप करून घेतली. जे त्यांनी परदेशी एकटीने ठरविले, ते आपल्या घरच्या लेकीसुनांस चार माणसांच्या आधाराने ठरविता यावे. उद्या सासूबाईंनीच सुनेला विचारावे, “कुठे काचत तर नाही ना ग?” आणि सुनेनेही हाच प्रश्न सासूबाईंस विचारावा, कारण पुष्कळ वर्षांची गाठ त्यांच्याच कमरेवर असते.