रानपिंगळ्याचे रान कोणाचे?

प्रकाशाच्या तापीकाठावरून उत्तरेकडे गेले की ऊस, केळी आणि पपईची शेते मागे पडून सातपुड्याचा पायथा लागतो. याच शहादा परिसरातील सागाच्या रानात नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंदच नव्हती. तेव्हापासून दुर्बिणी घेऊन पक्षिप्रेमी या रानात येतात. त्यांनी जरूर यावे. दिवसाढवळ्या शिकार करणारे हे दुर्मिळ घुबड पाहण्याचा आनंद कोणालाही वर्ज्य नसावा.

आक्षेप आहे तो या पाहुण्यांच्या कानी पडणाऱ्या ठरीव कथेला. अतिक्रमण करणारा भिल्ल-पावरा रानाचा वैरी आणि सरकार त्याचे त्राते, ही ती कथा! वस्तुस्थिती काय सांगते? राखीव जंगलाच्या नावाखाली आदिवासीला त्याच्याच रानात परका ठरविले ते इंग्रजांच्या कायद्यांनी; स्वतंत्र भारताने १९२७ चा वनकायदा तसाच पुढे चालविला. ज्या तळोद्याच्या रानात रानपिंगळ्याची वस्ती आढळली, त्या वनक्षेत्रातील सुमारे २,७०० हेक्टर जमीन १९९० मध्ये सरकारनेच सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळी केली. धरणाचा लाभ दूरच्यांना. त्याची किंमत मोजली ती घरदार बुडालेल्या आदिवासीने, तळोद्याच्या आदिवासीने आणि मुक्या रानाने. गरिबाला गरिबापुढे उभे करून वर त्यालाच जंगलतोड्या म्हणायचे, हा कुठला न्याय?

मात्र कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानी घ्यावी. रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. ढोली एका पावसाळ्यात तयार होत नाही. शहाद्याच्या भूमीने १९७२ पासून श्रमिक संघटनेचा लढा पाहिला. कसणाऱ्याच्या जमिनीचा हक्क त्या लढ्याचा प्राण होता आणि तो निर्विवाद आहे. परंतु केवळ नांगराखालच्या तुकड्याचा दावा मंजूर करून घेतल्याने रान वाचत नाही. २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक हक्क देतो. वन्यजीव व जैवविविधता राखण्याचा अधिकारही ग्रामसभेलाच देतो. त्या अधिकाराची अंमलबजावणी ही आजची लढाई आहे.

म्हणून गावोगावी सामूहिक दावे दाखल करा. ढोलीची झाडे तोडू न देण्याचा ठराव ग्रामसभेनेच करावा. पाहुण्यांना वाट दाखविण्याचे काम आणि त्याचा मोबदलाही गावालाच मिळाला पाहिजे. जे या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांना वगळून ते राखण्याची भाषा करणाऱ्यांना आपण ठामपणे विरोध केला पाहिजे.