ऑक्टोपस पाळण्याआधी पाणी पाळा

काचेच्या टाकीत रंगीत मासे पोहताना पाहिले की आपल्याही घरी अशी टाकी असावी, असे पुष्कळांना वाटते. ऑक्टोपसच्या चित्रफिती पाहिलेले काही विद्यार्थी ह्याच्याही पुढे जातात. बरणीचे झाकण फिरवून आतला खेकडा काढणारा, क्षणात रंग पालटणारा हा प्राणी घरी पाळता येईल का, असे ते शिक्षकांना विचारतात. प्रश्न चांगला आहे. ‘भलतेच काय!’ म्हणून तो उडवून लावणे विज्ञानाला धरून होणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ऑक्टोपस घरी पाळू नये. परंतु मी म्हणतो म्हणून तुम्ही हे मानू नका. कारणे तपासा आणि मग ठरवा.

ऑक्टोपस हा मृदुकाय संघातला, म्हणजे शिंपला आणि गोगलगाय ह्यांच्या गोतावळ्यातला प्राणी. कोळणीच्या पाटीत दिसणारा माकूल हा त्याचा जवळचा नातलग. त्याला तीन हृदये असतात. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य प्राणवायू वाहून नेते, म्हणून ते रक्त निळसर दिसते. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाहूंत विखुरलेल्या असतात. अपृष्ठवंशी प्राण्यांत एवढी मोठी चेतासंस्था फारच विरळा.

गंमत अशी, की काचेच्या टाकीचा इतिहासच ऑक्टोपसच्या एका भाऊबंदापासून सुरू होतो. इटलीतील सिसिली बेटावरच्या मेसिना येथे झान व्हिलप्रो-पॉवर नावाची फ्रेंच महिला राहत असे. आर्गोनॉट नावाचा, पातळ शिंपला बाळगणारा एक अष्टबाहू प्राणी त्या समुद्रात सापडतो. हा शिंपला तो स्वतः बनवतो, की शंखात राहणाऱ्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावतो, ह्यावर तेव्हा विद्वानांत वाद होता. १८३२ च्या सुमारास तिने काचेच्या टाक्या तयार करून त्यांत आर्गोनॉट ठेवले आणि चिकाटीने निरीक्षणे केली. शिंपला मादी स्वतःच बनवते आणि फुटला तर दुरुस्तही करते, हे तिने सिद्ध केले. तिच्याजवळ एक नेमका प्रश्न होता, आणि ताज्या पाण्यासाठी दाराशीच समुद्र होता. ह्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

आता आपल्या टाकीकडे वळू. अमेरिकेतील हौशी लोक बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, दोन ठिपक्यांचा लहान ऑक्टोपस पाळतात. एवढ्याशा प्राण्यासाठीही सुमारे २०० लिटरची टाकी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ह्या टाकीत ७ किलोग्रॅम क्षार आले. समजा, उन्हाळ्यात त्यातले १० लिटर पाणी उडून गेले. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. ७,००० ग्रॅम क्षार उरलेल्या १९० लिटरमध्ये वाटले गेले, म्हणजे दर लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम झाले. अशा वेळी खारे पाणी ओतणारा मनुष्य क्षारता आणखी वाढवतो. तेथे गोडे पाणीच घालावे लागते. पाचवीतल्या मुलालाही करता येईल असे हे गणित आहे, परंतु ते दररोज करावे लागते. समुद्राला ते कधीच करावे लागत नाही.

दुसरा प्रश्न मलमूत्राचा. ऑक्टोपस खेकडे खातो आणि भरपूर अमोनिया बाहेर टाकतो. अमोनिया त्याला विषासारखा. तुम्ही पुस्तकात नत्रचक्र शिकता. तेच येथे उपयोगी पडते. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जीवाणू वाळूवर, दगडांवर आणि गाळणीत हळूहळू वस्ती करतात. माशांच्या टाकीतही ह्या वस्तीला चार ते सहा आठवडे लागतात. ऑक्टोपससाठी जाणकार मंडळी निदान तीन महिने टाकी तशीच चालवतात आणि मगच प्राणी आणतात. ज्याला तीन महिने नुसते पाणी सांभाळण्याचा कंटाळा येतो, त्याने पुढचा विचार सोडून द्यावा.

तिसरा प्रश्न प्राणवायूचा. समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला दर लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांना तो सुमारे ६.२ मिलिग्रॅमच राहतो. पाणी तापले की प्राणवायू घटतो, आणि नेमकी तेव्हाच प्राण्याची प्राणवायूची गरज वाढलेली असते. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आठवा आणि त्यात वीज गेली अशी कल्पना करा. पाणी थंड ठेवणारे यंत्र बंद, पंपही बंद. माणूस अंगणात येऊन वारा घेईल. टाकीतल्या प्राण्याने कोठे जावे?

त्याशिवाय आणखी काही. ज्या तांब्याने त्याचे रक्त चालते, तेच पाण्यात विरघळले तर त्याला मारक ठरते. म्हणून माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे त्याच्या टाकीत चालत नाहीत. घाबरून त्याने शाई सोडली, तर उघड्या समुद्रात ती पसरून जाते. लहान टाकीत तीच त्याच्या कल्ल्यांना त्रासदायक होते. आणि झाकण! ऑक्टोपसच्या शरीरात चोचीएवढाच कठीण भाग असतो. ती चोच जेथून जाईल तेथून सारा ऑक्टोपस जातो. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस रात्री टाकीबाहेर आला आणि जमिनीवरून सरकत जाऊन सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्राला मिळाला. तेथे देखभालीला तज्ज्ञ होते, तरी हे घडले. आपल्या घरी त्याला असा नळ सापडेलच असे नाही. सकाळी जमिनीवर कोरडा पडलेला प्राणी मात्र सापडेल.

आता समजा, कोणी ही सारी व्यवस्था केली. पैसा आहे, विजेची पर्यायी सोय आहे, शिस्त आहे. मग हरकत काय?

हरकत त्याच्या बुद्धीची आहे. अमेरिकेतील सिअॅटलच्या मत्स्यालयात जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन ह्यांनी ऑक्टोपसच्या टाकीत औषधाची रिकामी बाटली तरंगत सोडली. काही ऑक्टोपस पाण्याचा झोत मारून ती दूर ढकलत. ती फिरून परत आली की पुन्हा ढकलत. आपण चेंडू भिंतीवर मारतो, तसेच हे. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जो प्राणी खेळतो तो कंटाळतही असला पाहिजे, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. ब्रिटनने २०२२ साली प्राणिकल्याणाचा जो कायदा केला, त्यात ऑक्टोपसची गणना संवेदनाक्षम प्राण्यांत केली आहे, ती उगाच नव्हे.

आणि त्याचे आयुष्य केवढे? ह्या लहान जातींचे जेमतेम एक-दीड वर्ष. अंडी घातल्यावर मादी खाणे सोडते, अंड्यांची राखण करते आणि त्यानंतर मरते. बाजारात मिळणारे ऑक्टोपस बहुतांशी समुद्रातून पकडलेले असतात. म्हणजे हाती येतो तेव्हा त्याच्या आयुष्यातले काही महिने सरलेले असतात. उरलेले महिने आपल्या हौसेसाठी काचेत घालवावेत, एवढे मोठे कारण आपल्यापाशी आहे काय?

कोणी म्हणेल, ‘व्हिलप्रो-पॉवरबाईंनी प्राणी ठेवले नसते, तर आर्गोनॉटचे कोडे कसे सुटले असते?’ आक्षेप योग्य आहे. संशोधनासाठी प्राणी ठेवावे लागतात, आणि निगुतीने टाक्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांकडूनही ज्ञानात भर पडू शकते. परंतु त्या बाईंजवळ प्रश्न होता आणि समुद्र होता. ‘आपल्याकडे असावा’ हा प्रश्न नव्हे, ती केवळ इच्छा झाली.

मग करावे काय? शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेत एक टाकी मांडा. साध्या गोड्या पाण्याची चालेल. तळाशी वाळू, थोडी पाणवनस्पती आणि एक गाळणी. तिच्यात प्राणी सोडू नका. चिमूटभर माशांचे खाद्य रोज घाला. ते कुजून अमोनिया तयार होईल. तपासणीच्या साध्या संचाने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून मुलांनी वहीत नोंदी कराव्यात. अमोनियाचा आलेख आधी चढेल आणि उतरेल, त्यामागून नायट्राइटचा, नायट्रेटचा शेवटी वाढत राहील. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचे काम असे कागदावर उमटलेले ज्याने पाहिले, त्याला नत्रचक्र पाठ करावे लागत नाही.

आणि ऑक्टोपस पाहायचाच असेल, तर मोठ्या ओहोटीच्या वेळी जाणत्या माणसाबरोबर खडकाळ किनाऱ्यावर जा. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या किनाऱ्यावरही डबक्यांत, दगडांच्या फटींत लहान ऑक्टोपस आढळतात. दगड उलटा केलात तर पुन्हा होता तसा ठेवा. प्राण्याला हात लावू नका; निळ्या वलयांच्या ऑक्टोपसचा दंश माणसालाही प्राणघातक ठरू शकतो. पाहा, वेळ लिहा, चित्र काढा. भरती आली की त्याचे पाणी बदलण्याचे काम समुद्र स्वतः करील, आणि ते त्याच्याइतके चांगले कोणालाच जमत नाही.